आठ खाचा

"सात," अनंतराव म्हणाले आणि मेंढ्याचं शिंग सोडून त्यांनी हात पँटला पुसला.

लखीरामने मान डोलावली. मेंढा सात वर्षांचाच होता. बाभुळगाव रस्त्यावरच्या एका रिकाम्या वावरात त्याने खतासाठी दोनशे मेंढ्या बसवल्या होत्या, आणि गेले वीस दिवस हे यवतमाळचे रिटायर साहेब पहिल्या एसटीने येऊन त्यातल्या मेंढ्यांची शिंगं चाचपत होते. पाठीवर पंधरा किलो तूरडाळ भरलेली सॅक. वावरात यायच्या आधी ते ती घेऊन मागची टेकडी चढून उतरत. लखीरामला आधी शंका आली होती की माणसाचं डोकं फिरलंय. मग कारण कळलं आणि त्याची खात्रीच पटली.

कारण होतं कॅनडातला मुलगा, सलील. तिकडच्या पहाडातल्या रानमेंढ्याची शिकार करायला सरकारची सोडत निघते. नऊ वर्षं अर्ज केल्यावर यंदा सलीलचं नाव लागलं. पण एक अट होती. मेंढा निदान आठ वर्षांचा हवा. दर वर्षाला शिंगावर एक खाच पडते. लांबून दुर्बिणीने आठ खाचा मोजायच्या, मगच गोळी झाडायची. एक खाच कमी निघाली तर खटला. आणि खटला झाला की सलीलचा नागरिकत्वाचा अर्ज जागच्या जागी अडकला.

"मोजणार तुम्ही, बाबा," त्यांना पहाडात सोबत यायला बोलावताना सलील फोनवर म्हणाला होता. "तुम्ही आठ म्हणाल तेव्हाच मी बोट दाबीन."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. अनंतराव एकतीस वर्षं जमिनीची मोजणी करत होते. दोन वावरं पलीकडचा, गवतात बुडालेला हद्दीचा दगड त्यांना उभ्या जागेवरून दिसायचा. शाळेच्या सुट्टीत सलील त्यांच्यामागे साखळी धरून हिंडला होता आणि बापाची ही नजर बघून थक्क झाला होता. आर्णीपासून बोरी अरबपर्यंत भांडणारे भाऊ अनंतरावांनी मोजलं म्हटल्यावर गप्प बसत. त्यांच्या मोजणीवर घेतलेली एकही हरकत कधी टिकली नव्हती.

त्या फोनपासून मात्र अनंतराव एका जागी बसत नव्हते. जेवताना मध्येच उठायचे. बॅग तीनदा भरून तीनदा रिकामी केली. पेपरची घडी आठ-आठ दिवस मोडत नव्हती. विचारलं तर म्हणायचे, लक्ष लागत नाही. एकदा चहा कपाबाहेर ओतला आणि कप सरकवला म्हणून बायकोवर, शोभाताईंवरच चिडले. जायच्या आधी चष्म्याचा नंबर तपासून या, असं ताईंनी चारदा सांगून पाहिलं. वेळच नाही, हे उत्तर ठरलेलं. ताईंना खरा घोर होता तो त्यांच्या गुडघ्यांचा. ती डाळ टेकडी चढून-उतरून दमली असेल, आता शिजवू का, असं त्यांनी एकदा विचारलं. एरवी अनंतराव खो खो हसले असते. त्या दिवशी त्यांनी सॅक ओढून पलंगाखाली ठेवली.

विमान गुरुवारचं होतं. वावरातला आजचा शेवटचा दिवस.

शिंग हातात कशाला धरता, हे लखीरामने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मोजणीवाल्याची सवय, अनंतराव म्हणाले होते. दगड दिसला तरी त्याला हात लावल्याशिवाय तो कागदावर घ्यायचा नाही. लखीरामला ते पटलं होतं. पण आज तो म्हणाला, "साहेब, थो पहाडातला मेंढा तुमच्या हातात शिंग देईन का? आज दुरून मोजा."

त्याने भावाच्या कळपातला एक मेंढा आणला होता. अनंतरावांनी त्याला अजून हात लावलेला नव्हता. तीस पावलांवर नेऊन लखीरामने तो मोकळा सोडला आणि परत येऊन शेजारी उभा राहिला.

अनंतरावांनी सलीलने पाठवलेली दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर काटेरी कुंपणापाशी एक काळा उंचवटा होता. त्यांनी दुर्बिणीचं चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला. दिसत नाही, एवढे दोन शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"आठ," ते म्हणाले. एकतीस वर्षं हद्द सांगितली त्याच ठाम आवाजात.

लखीरामने मान डोलावली नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "मेंढा तिकडं बाभळीखाली बसून हाय. थे त माहं घोंगडं वाळू घातलं हाय."

अनंतराव चालत कुंपणापर्यंत गेले आणि त्यांनी घोंगड्यावर हात ठेवला. गेलेली नजर आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. त्यांनी ते शोभाताईंनाही सांगितलं नव्हतं. पोराला आपली नजर हवी होती, आणि तीच नाही म्हटल्यावर आपण त्याच्या काय कामाचे, ही भीती त्यांना महिनोन्‌महिने छळत होती. आता त्यांना स्वतःची लाज वाटली. न दिसता आठ म्हणायला त्यांना काहीच वाटलं नव्हतं. तिकडे पोराने त्या शब्दावर बोट दाबलं असतं.

त्यांनी खिशातला फोन काढून लखीरामच्या हातात दिला आणि सलीलचं नाव शोधून लावायला सांगितलं.

"बोला बाबा, झाली का तयारी?"

"मी आठ म्हणालो तरी बोट दाबू नकोस," अनंतराव म्हणाले. "माझ्या मोजणीवर हरकत आली आहे, सलील. आणि ती मीच घेतली आहे."