खेळानंतरची चर्चा

तिसरी घंटा झाली आणि दिवे गेले. जळबाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शेजारी केशरबाई ठेवणीतली साडी नेसून बसली होती. आपल्या लेकावरचं, सुरजवरचं नाटक बघायला आलोय, एवढंच तिला माहीत होतं. नवऱ्याने तिला खरं कशासाठी आणलंय, याचा तिला पत्ता नव्हता.

हिंगोलीतलं हे नाट्यगृह म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. वर पत्रे, खाली साठ प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रज्ञेश आणि त्याचे मित्र ते कसंबसं चालवतात. प्रज्ञेश आणि सुरज कॉलेजात एका बाकावर बसायचे. सुरज पुढे पुण्याला गेला, स्पर्धा परीक्षा देत राहिला, आणि दोन वर्षांपूर्वी तिथल्या खोलीत त्याने जीव दिला. त्यावर लिहायचं म्हणून प्रज्ञेश चारदा त्यांच्या गावी, पुसेगावला आला. केशरबाईने त्याला लेकराचं सगळं लहानपण सांगितलं. जळबा तीन वेळा गप्पच राहिला. चौथ्या वेळी तो त्याला शेतात घेऊन गेला आणि सांगून मोकळा झाला.

सुरज तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा बापलेकाचं फोनवर भांडण झालं होतं. पास झाल्याबिगर तोंड दाखवू नको, असं जळबा म्हणाला होता. त्याच दिवशी जेवणं झाल्यावर सुरजचा पुन्हा फोन आला. केशरबाई अंगणात भांडी घासत होती. जळबाने नाव पाहिलं आणि फोन उशाखाली सारला. तो वाजून वाजून थांबला. सकाळी सरपंचाच्या दारात खबर आली. जळबाने तो फोन विहिरीत टाकला आणि बायकोला कधी काही बोलला नाही.

प्रज्ञेशने त्याला विचारलं होतं, काका, हा प्रवेश काढून टाकू का?

"ठेव," जळबा म्हणाला होता. "घरी माझ्या तोंडातून निघत न्हाई. तुमीच सांगा तिला."

रंगमंचावर आता फोन वाजत होता. बापाचं काम करणाऱ्या नटाने तो उशाखाली सारला. जळबाने तिकडे बघितलंच नाही. तो केशरबाईकडे बघत होता. ती हलली नाही, रडली नाही. दोन वर्षं ती त्याला न चुकता ताट वाढत आली होती. आता ती उठेल, औंढ्याला भावाकडे निघून जाईल, आणि गेली तरी तिचं काही चुकणार नाही, असं त्याला वाटलं.

पण खेळ संपला तरी ती उठली नाही. इथे खेळानंतर चर्चेची पद्धतच आहे. टाळ्या झाल्या की नट समोर जमिनीवर बसतात आणि प्रेक्षक बोलतात. एका प्राध्यापकांनी आधी तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाले, बापाचा प्रवेश तेवढा पटला नाही. पोराचा फोन वाजतोय आणि जन्मदाता उचलत नाही, असं कुठे होतं का? पाचसहा माना हलल्या. प्रज्ञेशने मान खाली घातली.

जळबा उठायला गेला. तेवढ्यात केशरबाई उभी राहिली. नवऱ्याचं पाप ही आता चारचौघांत सांगणार, असं त्याला वाटलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"बराबर न्हाई दाखवलं तुमी," ती म्हणाली. प्राध्यापकांनी समाधानाने मान डोलावली. "फोन एकदाच न्हाई आला. मागून आणखी एक आला. तवा ह्यांचा डोळा लागला व्हता. उशाखालून मीच काढला. सुरजचाच व्हता. मीच बंद केला."

केशरबाईने जळबाकडे पाहिलं नाही. सुरज झालेला पोरगा समोर मांडी घालून बसला होता, त्याच्याकडे बघून ती म्हणाली,

"लई दिसांनी ह्यांना झोप लागली व्हती, बाबा. म्हणलं, सकाळी बोलतील बाप-लेक."