सौम्य कलम

ज्यूरीतले अकरा जण डेल्बर्टला दोषी म्हणत होते, एकटी वर्ना नाही म्हणत होती. दुकानातून बूट उचलून रखवालदाराला ढकलणारा माणूस तोच, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ज्यूरीचा म्होरक्या हार्लन वैतागला.

"वर्नाबाई, किती ताणाल हो? दरोड्याचं कलम सोडू, साध्या चोरीचं धरू. वर्षभरात सुटेल तो. आम्ही एवढं खाली आलो, आता तुम्हीही या."

"शिक्षा किती होईल, ते जजसाहेबांना विचारू या का?"

"विचारलं मी. म्हणाले, शिक्षेचं तुम्ही बघायचं नाही."

वर्नाने साध्या चोरीच्या बाजूने हात वर केला.

निकाल ऐकताच डेल्बर्ट टेबलावर डोकं टेकवून ढसाढसा रडला. थोडक्यात वाचला म्हणून रडतोय, असं वाटून तिचेही डोळे भरून आले.

महिन्याने ती मुद्दाम शिक्षा ऐकायला कोर्टात गेली. जज म्हणाले, "आधीचे दोन गुन्हे आहेत. हा तिसरा. नुसत्या बुटांच्या चोरीचा असला, तरी कायद्याने जन्मठेपच."

या वेळी डेल्बर्ट रडला नाही. त्याचं रडून महिन्यापूर्वीच झालं होतं, वर्नाच्या देखत.