वेलीखालचा आरसा

कळी आधी काकांनीच पाहिली, आणि पाहिल्याबरोबर त्यांना काकूंशी लावलेली पैज आठवली.

अंगणातल्या भिंतीवर क्लेमॅटिसची वेल चढवली होती. तिच्या पानांआड करंगळीच्या नखाएवढी हिरवट कळी लोंबत होती. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी, आणि या बाईसाहेबांना आत्ता फुलायचं सुचलं! काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत काकू भांडी लावत होत्या. त्यांना अजून पत्ता नव्हता.

पैज साधी होती. काकांचं सारं आयुष्य सलून चालवण्यात गेलं. हात थरथरायला लागला, एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. पण हातातली कात्री सुटली नाही. थंडी तोंडावर आली की ते या वेलीची हजामत करायचे, अगदी चापूनचोपून, कडा सरळ रेषेत. वेल काही फुलायची नाही. शेवटी काकूंनी रोपवाटिकेत जाऊन विचारलं, तर तिथली बाई म्हणाली, "अहो, हिला थंडीच्या आधीच कळ्या धरतात. तुम्ही दर वर्षी कळ्याच कापताय."

त्याच दिवशी कात्री काकूंच्या कपाटात गेली. "येत्या हिवाळ्यात एक जरी फूल आलं, तर कात्री कायमची आत," त्या म्हणाल्या. "नाही आलं, तर तुमची कात्री तुम्हाला. मग वेलीचं टक्कल करा, मी ब्र काढणार नाही."

उन्हाळ्यात वेल वाळून पार काडी झाली, तेव्हा काकांना मनातून उकळ्या फुटल्या होत्या. पण ती निलाजरी पुन्हा हिरवीगार झाली. आणि आता ही कळी. चिमटीत धरून एक हिसका दिला की काम फत्ते, कात्री परत हातात. कुणाला कळणार होतं?

त्यांनी हात वर नेला. बोटं लटपटत कळीपर्यंत पोचली आणि तिथेच अडली. रोपाबरोबर जे चित्र आलं होतं त्यात फुलाच्या आत लालसर ठिपके होते, एखाद्या गोऱ्या पोराच्या नाकावर असतात तसे. इतके चेहरे काकांच्या हाताखालून गेले, पण फुलाच्या तोंडावर ठिपके? खरंच असतात, का आपलं गिऱ्हाईक गटवायला छापलेलं?

'उद्या खुडू,' त्यांनी मनाशी म्हटलं. 'आधी बघू तरी.'

उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. आंघोळीच्या आधी, चहाच्या नंतर, काका आपले भिंतीपाशी.

"काय हो, काय करताय तिथे?" काकू आतून विचारायच्या.

"काही नाही गं, ऊन खातोय."

ऊन अजून भिंतीच्या पलीकडेच असायचं.

मग एका सकाळी फूल उघडलं. फिकट पिवळसर, छोट्या घंटेसारखं, आणि तोंड थेट जमिनीकडे. ठिपका नावाला नाही. काकांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. वाकायला जावं तर कंबर नाही म्हणते. बोटाने उचलून पाहावं तर हात हा असा, देठासकट तुटून यायचं. काका चक्क चिडले. एवढे दिवस जीव टांगणीला लावला, आणि ही बया मान वर करायला तयार नाही!

मान खाली घालून बसलेल्यांशीच तर त्यांचा जन्मभर धंदा. ते एकदम थबकले, मग स्वतःशीच हसले आणि तरातरा घरात गेले. पलंगाखालची दुकानातली पेटी ओढून त्यांनी तो गोल, मुठीचा आरसा काढला. केस कापून झाले की डोक्यामागे धरून गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायचा आरसा.

"अहो, आरसा कशाला?" काकूंनी विचारलं.

काकांच्या ओठांवर थाप आली होती. ती त्यांनी गिळली.

"चल बाहेर. मला एकट्याला धरवायचा नाही."

फूल दिसलं आणि काकूंचा हात तोंडावर गेला. काकांनी आरसा फुलाखाली धरला. तो असा हलायला लागला की आभाळ, भिंत, पानं, सगळं एकमेकांत कालवलं. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. आरसा स्थिर झाला.

फूल आतून डाळिंबी ठिपक्यांनी भरलं होतं. काठापर्यंत.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "ही तर आतून नटलीय!"

"चित्र खोटं नव्हतं," काका म्हणाले. त्यांना एवढा आनंद झाला होता, की पैज हरल्याचं ध्यानातच नव्हतं.

"कळी कधी आली?"

"झाले बरेच दिवस."

"आणि खुडली नाहीत?"

"ठिपके बघायचे होते ना."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मनगट सोडलं नाही.

"म्हणजे कात्री गेली," काका म्हणाले.

"गेली."

"आरसा ठेवतो माझ्याकडे."

"ठेवा की."

आरसा तसाच फुलाखाली होता. जन्माची सवय, काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "ठीक आहे ना मागून? का अजून थोडं कमी करू?"

"नको," काकू म्हणाल्या. "आता काही कमी करायचं नाही."