गोठ्यातला मिलिटरी ट्रक

हे मी लिहिणारच नव्हतो. पण भंगारवाल्यानं साखळी हूकात अडकवली तेव्हा गोपालचं जे तोंड झालं होतं, ते काही डोक्यातून जाईना.

ट्रक मिलिटरीचा. तिथून सुटला, एका वीटभट्टीवर आला आणि तिथंच सडला. मग गोपालनं तो उचलून राळेगावजवळच्या आपल्या गावात, घरच्या गोठ्यात आणून उभा केला. गोठा रिकामाच होता. शेती ट्रॅक्टरवर गेल्यावर रामरावांनी, म्हणजे गोपालच्या बापानं, शेवटची बैलजोडी विकून टाकली होती. तेव्हापासून गोपाल आणि राळेगावचा मेकॅनिक अब्रार, जरा सवड मिळाली की ट्रकच्या खाली. बाहेर फक्त चार पाय दिसायचे. हौस, दुसरं काय.

एवढ्या मेहनतीनंतर ट्रकचं सगळं चालायचं. हॉर्न असा वाजायचा की कोंबड्या अंडं अर्धवट सोडून पळायच्या. लाइटचं बटन दाबलं की वायपर हलायचा. रंगवाल्याला मिलिटरीचा हिरवा मागितला होता, त्यानं पोपटी दिला, पण तोही खुलून दिसायचा. फक्त ट्रक तेवढा चालत नव्हता.

"लढाई सरली म्हना त्याले," रामराव रोज गोठ्यात डोकावून म्हणायचे. "कोनं सांगतलं नसन, म्हनून लपून बसला."

शेवटी बापलेकांत ठरलं. बुधवारपर्यंत चालू झाला तर राहील, नाही तर भंगारात. यवतमाळच्या भंगारवाल्या शेठला रामरावांनी निरोपही धाडला. बुधवारी पोळा आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दावणीला बैल नाहीत, तर कॅलेंडरात पोळा पाहतो कोण? सकाळी घरात पुरणाचा वास सुटला तेव्हा कळलं. पण निरोप गेला होता, आणि रामराव माघार घेणाऱ्यांपैकी नव्हेत.

अब्रार उजाडायच्या आतच आला. सेल्फ मारला. ट्रक खोकला. पुन्हा मारला. पुन्हा खोकला, भसकन धूर सोडला आणि गप्प.

"पंपात हवा घेऊन राह्यला," अब्रार म्हणाला. "एक घंटा दे यार."

"घंटा कुठून आनू बे? शेठ आला ना!"

शेठ ट्रॅक्टर घेऊनच आला होता. आल्या आल्या त्यानं साखळी लावली. गोपाल बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. नापास झालेलं पोरगं शाळेच्या फाटकाशी उभं राहतं ना, तसा.

तेवढ्यात मैनाबाई, गोपालची आई, पूजेचं ताट घेऊन घरातून निघाल्या. घरचे बैल गेल्यापासून दर पोळ्याला त्या शेजारच्यांच्या बैलांना ओवाळायच्या. ट्रकजवळ आल्या आणि थांबल्या.

"बाजूले व्हा माय," शेठ म्हणाला. "ओढाचा हाय."

"थांबा जराक. घरातून निघून राह्यला तं कुंकू तरी लावू द्या."

त्यांनी पुढच्या चाकांवर पाणी घातलं. बोनेटला हळदकुंकू लावलं. ओवाळलं. मग हाताच्या सवयीनं पुरणपोळीचा घास पुढं केला, आणि द्यावा कुठं ते कळेना म्हणून बंपरवर ठेवला.

रामराव ओसरीवरून पाहत होते.

शेठनं ट्रॅक्टरचा गियर टाकला. साखळी ताणली.

"ए!" रामराव ओरडले. "बंद कर तो ट्रॅक्टर."

"काहून?"

"पोळा हाय आज."

"मंग?"

"मंग काय मंग? पोळ्याच्या दिवशी दावनीचं जनावर कोनी इकते का?"

शेठनं गोठ्यात वाकून पाहिलं. जनावर शोधलं. मग गोपालकडं पाहिलं, मग अब्रारकडं. हसावं की नाही, तिघांनाही समजेना.

"मंग उद्या येऊ का?" शेठनं विचारलं.

"उद्या तान्हा पोळा, पोट्ट्यायच्या लाकडी बैलायचा."

"परवा?"

"परवाचं तू कायले इचारतं? जनावर माह्यं हाय."

शेठ साखळी गुंडाळून, पुटपुटत निघून गेला.

दिवस कलला तसा रामरावांनी ट्रकच्या हूकात कासरा बांधला. टोक स्वतः धरलं आणि पुढं चालू लागले, थेट वेशीवरच्या पोळ्याच्या तोरणाकडं, बैलांच्या रांगेत. गोपाल एका हातानं स्टेअरिंग धरून दाराला खांदा लावत होता. अब्रार आणि अर्धं गाव मागून ढकलत होतं. शेजारच्या बैलांनी एकदा वळून पाहिलं आणि जागा करून दिली.

"रामभाऊ, हे चालत नाही का जी?" गर्दीतून कोणीतरी टोमणा मारलाच.

रामरावांनी मानही वळवली नाही. "पोळ्याच्या दिवशी कोनता बैल काम करते रे?"

अब्रारला धाप लागली होती. ट्रकला पाठ लावून तो ओरडला, "गोपाल, काका म्हनते याले आज सुट्टी. मंग आपन कोन आहो बे?"

"ढकल यार तू," गोपाल म्हणाला. "पुढच्या पोळ्याले हा आपल्या दमावर चालन, तुले शब्द देतो. नाही चालला, तं माह्या डोक्याले बेगड लावजो, अन् तोरनाखालून मलेच नेजो."