जाईबाईंचं दार

चौकटीवरचं इवलंसं पांढरं यंत्र लाल झालं आणि जाईबाईंनी मोबाईल हातात घेतला. आता मायाचा फोन येणार.

आलाच.

"आई, दार सताड उघडं आहे."

"मग? रोजच असतं."

"अगं, यंत्राला ते धोक्याचं वाटतं. आज चाचणी संपतेय. हे असंच लाल राहिलं, तर तुला माझ्याबरोबर हैदराबादला यावं लागेल. इथे एकटीला नाही ठेवणार मी."

लेकीला हैदराबादेत मोठी नोकरी लागली होती. तिला अडवायचं जाईबाईंच्या मनात नव्हतं. पण डिलाईल रोडच्या चाळीतली ही खोली सोडायची म्हटलं, की जीव कासावीस व्हायचा. तोडगा मायानेच काढला होता. तिच्या इथल्या, दोन गल्ल्यांपलीकडच्या ऑफिसची ही नवी ऑनलाइन सेवा. दारावर, पंख्यावर, गॅसपाशी यंत्रं बसवायची. म्हाताऱ्या माणसाची रोजची हालचाल ती टिपतात आणि कुठल्याशा लांबच्या सर्व्हरवर पाठवतात. काही वेगळं दिसलं, की मुलांच्या मोबाईलवर निरोप.

जाईबाईंना त्या यंत्राचं भारी कुतूहल. सकाळी बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणताना त्यांचा एक डोळा तिकडेच.

"ह्याला माझा आवाज कळतो का गं?" त्यांनी मायाला विचारलं होतं.

"नाही. फक्त हालचाल."

"आणि मी नुसती विचार करत बसले तर?"

"तर तू शांत आहेस, एवढं कळेल."

"माझ्या आईलाही एवढंच कळायचं," जाईबाई हसून म्हणाल्या होत्या.

शेजारच्या बाबुरावांनी गावाला जाता जाता एक युक्ती सुचवली होती. "चौकटीवर लोहचुंबक चिकटवून देतो. दार उघडं असलं तरी त्याला बंदच वाटेल." जाईबाईंनी हात जोडले होते. "सकाळी पंचशील घ्यायचं आणि दुपारी यंत्राला फसवायचं? नको हो."

आता त्या उठल्या. दार लावलं, कडी घातली. भरदिवसा. गॅलरीतली बडबड, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, सगळं बाहेर राहिलं. स्वतःचीच खोली परकी वाटली. यंत्र मात्र हिरवं झालं. मोबाईलवर मायाने अंगठा पाठवला. राहायला मिळणार म्हणून हायसं वाटायला हवं होतं. वाटेना. त्या मूर्तीसमोर डोळे मिटून बसल्या.

दारावर थाप पडली. मग धडाधड थापा.

"जाईमावशी! ओ जाईमावशी!"

गुडघ्यांवर हात टेकून त्या उठेपर्यंत बाहेर पलीकडच्या खोलीतल्या कालिंदीचा आवाज चढला. "पहार आणा रे कोणीतरी! कडी तोडा!"

दार उघडलं तर अर्धी चाळ समोर. कालिंदीचे हात कोपरापर्यंत पिठाचे. निलेश खाली टॅक्सी थांबवून वर धावत आलेला. आनंदीबाई पदराने डोळे टिपतायत.

"अगं, मी धडधाकट आहे!" जाईबाई म्हणाल्या. तोवर जिन्यातून माया आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, छातीचा भाता झालेला.

"कालिंदीताईचा फोन आला... आई, काय झालं?"

"मला कुठे काय? तूच म्हणालीस ना, दार लाव."

मायाने मोबाईल पाहिला. हिरवा ठिपका. खाली लिहिलं होतं, 'सर्व ठीक आहे.'

"पण कालिंदीताई, तुला सांगितलं कोणी, काहीतरी झालंय म्हणून?"

"सांगायला कोण कशाला पाहिजे? दुपारी जाईमावशीचं दार बंद! चाळीत कधी बघितलंयस तू?"

माया उंबऱ्यावरच बसली. तिने वर त्या यंत्राकडे पाहिलं.

"हे फ्लॅटमधल्या घरांवरून शिकलंय, आई," ती हळूच म्हणाली. "तिथे दारं बंदच असतात."

मग तिने मोबाईलवर एक नियम उलटा केला. दिवसा दार उघडं, तर हिरवं. दार बंद, तर लाल.

"तू इथेच राहा," ती म्हणाली आणि निरोप आधी कोणाला जायचा त्या जागी कालिंदीचा नंबर घालू लागली.

कालिंदीने पिठाचा हात तिच्या मोबाईलवर आडवा धरला.

"माझा नको गं. तो निरोप येईल तेव्हा मी दारातच असेन."