पासपोर्टाला हळदकुंकू

प्रियंकाला उंबऱ्याबाहेरच थांबावं लागलं. सासूनं, म्हणजे गोजरबाईनं, भाकरीचा तुकडा तीनदा तिच्यावरून ओवाळून लांब फेकला, पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि मगच "ये आता घरात" म्हणाली. चार महिन्यांनी, तेही आफ्रिकेच्या जंगलातून आलेली सून. तिची दृष्ट काय एका तुकड्यानं निघते होय? मीठ-मोहऱ्याही चुलीत पडल्या.

शिरड शहापुरातल्या बाया ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. केनियाला सिंह बघायला गेलेल्या आपल्या मराठी माणसाला तिथंही पिठलं-भाकरीच लागते, म्हणून पुण्याच्या एका टूरवाल्यानं प्रियंकाला तंबूंच्या मुक्कामावर स्वयंपाकाला नेलं होतं. बायांना भाकरीचं काय कौतुक? सिंह पाहिला का ते सांग, म्हणाल्या. एकदाच पाहिला होता, शेवटच्या हप्त्यात, मालकानं जीपमधून फिरवलं तेव्हा. भर उन्हात एक सिंहीण आली आणि त्यांच्या जीपच्याच सावलीला बसली. ड्रायव्हरनं हातानंच सगळ्यांना गप्प केलं. अडीच तास कुणी उतरलं नाही, हाललं नाही.

"मारत न्हवती, गुरगुरत न्हवती," प्रियंका म्हणाली. "नुसती बसली व्हती. ती उठंल तवा आपून सुटायचं."

बाया पोट धरून हसल्या. त्या हसण्यातच प्रियंकानं मनातलं सांगून टाकलं. येत्या सोमवारी परत निघायचं होतं, तिकीट आलं होतं, आणि या खेपेला सहा महिने. हसणं जागच्या जागी थांबलं. बायांना एकेक करून घरची कामं आठवली. तिचा नवरा बालाजी मोबाइलात डोकं खुपसून बसला. गोजरबाई मात्र गोड बोलली.

"जाशील की. आधी ते पुस्तक दे, देवापुढं ठेवते. त्यानंच तुला सुखरूप आणलं."

पुस्तक म्हणजे पासपोर्ट. चार महिने प्रियंकानं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जिवापाड जपला होता. जाताना मुंबईच्या विमानतळावर तिच्या पुढच्या माणसाला, पासपोर्ट भिजलेला म्हणून, रांगेतून परत पाठवलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण देवाला नाही कसं म्हणायचं? दिला.

सकाळी ती अंघोळ करून आली, तेव्हा गोजरबाईची पूजा उरकली होती. प्रियंकानं पासपोर्ट उचलून उघडला. फोटोतल्या तिच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. फोटोवाल्यानं तेव्हा टिकली काढायला लावली होती. तिनं पदरानं हलकेच पुसलं. वरचं आवरण गुळगुळीत होतं, कुंकू निघालं. जीव भांड्यात पडला. मग तिनं पान उलटलं.

पानापानावर हळदीची पाच-पाच बोटं उमटली होती. पाण्यात कालवलेली हळद, आणि तीही हिंगोलीची. लुगडं विरतं पण तिचा डाग जात नाही. परदेशाचे शिक्के पिवळे झाले होते, पानं भिजून एकमेकांना चिकटली होती.

"आत्याबाई, काहून केलं हो हे?"

"कोऱ्या कपाळाचा फोटो व्हता, माय. सवाशीण ना तू?" गोजरबाई म्हणाली. "आन् एका पानाला लावून भागतं का? येवढा मुलूख फिरून आलं ते."

तिच्या बोलण्यात लबाडी शोधावी तर सापडेना, आणि नाही म्हणावं तर मन मानेना. बालाजीनं पासपोर्ट खालीवर करून पाहिला. नवा काढू की, म्हणाला. शेतातली हळद काढून, शिजवून झाली की बघू. टूरवाल्याला मात्र आजच कळवलेलं बरं, म्हणजे त्याला दुसरी बाई बघता येईल. एवढं बोलला, पण बायकोच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

प्रियंकाला तिचा तंबू आठवला. एक खाट आणि एक कंदील मावेल एवढाच. पण त्याची चेन आतून लागायची. उभ्या जन्मात आपल्या हातानं आतून लावायची अशी तिला मिळालेली ती पहिली जागा होती. तिला तिथं परत जायचं होतं. सिंह गेले खड्ड्यात, परदेशही गेला. तिला त्या चेनीसाठी जायचं होतं, आणि हे कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

तिनं पासपोर्ट पिशवीत घातला, पायात चपला सरकवल्या. हिंगोलीला जावं, कुणा जाणत्याला दाखवावं, काही तरी करावं. ती दाराकडे वळली.

गोजरबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. खाली मान घालून ती एकेक खडा वेचून राहिली होती. रागावलेली नव्हती, काही बोलतही नव्हती. बसल्या सासूला ओलांडून या घरातली कुठली सून आजवर बाहेर पडली नव्हती. प्रियंका पिशवी छातीशी धरून थोडा वेळ उभी राहिली, मग चपला काढून आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली.

गोजरबाईच्या शेजारी डाळीचं अख्खं पोतं उघडून ठेवलेलं होतं.