चौदा तारखेचा जबाब

"ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही साहेब," निसीमकाका म्हणाले, "पण चौदा तारखेला स्कूटर मी चालवत होतो."

विमा कंपनीचा तपासनीस सत्यजीत पेनचं टोपण काढता काढता थांबला. तो आला होता फक्त सही घ्यायला. पोलिसांच्या कागदांत सगळं सरळ होतं. सकाळचे सहा, पळस्प्याच्या पुढे रस्त्याकडेला उभा डंपर, त्याला मागून धडकलेली स्कूटर. काकांचा मुलगा नोम जागच्या जागी गेला. पाहणारं कुणी नव्हतं.

आणि दहाच मिनिटांपूर्वी, चहा घेता घेता, त्यानेच नोमच्या बायकोला नियम समजावला होता. "चूक चालवणाऱ्याचीच असेल तर त्याच्या घरच्यांना दावा लावता येत नाही, वहिनी. मागे बसलेला असता तर गोष्ट वेगळी." लियोरा मांडीवरच्या बाळाची टोपी नीट करत राहिली. निसीमकाकांनी तेव्हा हातातली बशी खाली ठेवली होती.

"नोम मागे बसला होता," काका आता म्हणाले. "गाडी माझ्या नावावर, लायसन माझं, डुलकीही माझीच."

"आणि तुम्हाला साधं खरचटलंसुद्धा नाही?"

"तेच तर! मी उडालो तो थेट पेंढ्याच्या टेम्पोत. टेम्पो चाललेला नेऱ्याला. ड्रायव्हरला पत्ताच नाही. नेऱ्यात त्याने पेंढा ओतला, तेव्हा पेंढ्याबरोबर मी!"

सत्यजीतला हसू आवरेना. आवरलं, तेव्हा त्याला लियोराकडे बघवेना.

निसीमकाकांच्या थापा साऱ्या आळीला पाठ. गाढी नदीच्या पुरातून ते म्हणे म्हशीच्या पाठीवर बसून स्वतःच्या लग्नाला पोचले, आणि मांडवात म्हशीलाही सरबत मिळालं. कुणी शंका काढली की स्वयंपाकघरातून एलिशेबाकाकूंचा आवाज यायचा, "हो, मी होते ना तिथे!" बेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याची एकही थाप उघडी पडू दिली नव्हती. काकांच्या बाबतीत आळीनं डोळे मिटून खरी मानलेली गोष्ट एकच. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, शनिवारी, हा माणूस गाडीला हात लावत नाही. ऊन असो, पाऊस असो, सिनेगॉगला चालतच जातो.

"काका," सत्यजीतने पेन कागदाला टेकवलं नाही. "हे लिहिलं तर वहिनींचा दावा उभा राहील. पण मग पोलीस तुमच्याकडे येतील. मुलाच्या मृत्यूला तुम्ही कारण झालात, असा गुन्हा लागेल."

"लागू दे. तेवढं बरोबरच आहे."

हे मात्र काका गोष्ट सांगितल्यासारखं बोलले नाहीत.

"साक्षीला कुणी?"

"ही आहे ना! दारात उभी राहून आम्हा दोघांना निरोप दिला हिनं. विचारा."

एलिशेबाकाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात चहाचं गाळणं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. लियोरानेही पाहिलं, सत्यजीत आल्यापासून पहिल्यांदा मान वर करून. सत्यजीतला ते जुनं वाक्य ठाऊक नव्हतं, पण तसलंच काहीतरी त्याला ऐकायचं होतं. एकदा त्या हो म्हणाल्या की तो लिहून मोकळा.

"हो, मी..." काकूंनी सुरुवात केली.

गाळण्यातून फरशीवर एक थेंब पडला. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. काका मान हलवत होते, बोल, बोल, अशी.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "चौदाला शनिवार होता. नोमनं गाडी काढली म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होतात."